संग वस्तूंचा की सोबत्यांचा?

स्थळाला स्वतःचे पाप नसते आणि पुण्यही नसते. ते तेथे वावरणाऱ्या मनुष्याच्या मनाचे असते, असे सामान्यतः म्हटले जाते. हे म्हणणे खरे आहे, परंतु अर्धेच खरे आहे. काही स्थळे मुद्दाम अशा रीतीने रचलेली असतात की, तेथे पाऊल टाकणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट वृत्ती जागी व्हावी. देवालयाचा गाभारा लहान आणि मंद प्रकाशाचा असतो. तेथे दृष्टी आपोआप एका ठिकाणी स्थिरावते. ज्याला आज सर्वत्र सुपरमार्केट म्हणतात ते महादुकान याच्या उलट रचलेले असते. तेथे दृष्टी कोठेही स्थिरावू नये, ती एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर फिरत राहावी अशी योजना असते. ज्या स्थळाचा हेतू एक आणि तेथे जाणाऱ्याचा हेतू दुसरा, त्या स्थळी मनाचे काय होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज भारतातील पुष्कळ घरांत अगदी व्यावहारिक रूपाने उभा राहिला आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये जाते. घरच्यांनी कर्ज काढून, कित्येकदा घर किंवा जमीन गहाण ठेवून पाठवणी केलेली असते. मुलाचा फोन येतो तेव्हा त्याच्या पाठीमागे उंच फळ्या, फळांचे ढीग आणि झगझगीत पांढरा प्रकाश दिसतो. कोठे आहेस, असे विचारले असता, मित्रांबरोबर सुपरमार्केटमध्ये आलो आहे, असे उत्तर मिळते. काय घेतलेस, असे विचारावे तर, विशेष काही नाही, सहज आलो होतो, असे तो म्हणतो. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकाश आणि त्याच फळ्या. वडिलांच्या मनात येते, हा शिकावयास गेला आहे की बाजारात हिंडावयास? आई म्हणते, वाईट ठिकाणी तर जात नाही ना, मग हिंडेना का बिचारा! दोघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश आहे. पण निर्णय करण्यास दोन्ही अंश अपुरे आहेत. यास्तव प्रथम तेथील परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे.

आपल्याकडे चार तरुणांना बसण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. गावात पार असतो, देवळाचा सभामंडप असतो, नदीचा घाट असतो. शहरात घराचा ओटा किंवा गच्ची असते, आणि हवा अशी असते की, वर्षातील बहुतेक काळ मनुष्य उघड्यावर बसू शकतो. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात हे शक्य नसते. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, स्कॉटलंडमध्ये त्याहूनही लवकर. त्यानंतरच्या दीर्घ काळोखात विद्यार्थी जाणार कोठे? खोली एवढी लहान की, पलंग आणि मेज यांखेरीज दोन माणसे कशीबशी उभी राहतील. ग्रंथालयात बोलणे शिष्टाचाराला सोडून होते. उपाहारगृहात बसावे तर प्रत्येक पेल्याचे पैसे पडतात, आणि २०२४ साली एक पौंड शंभराहून अधिक रुपयांचा होता, हे विद्यार्थ्याच्या मनातून क्षणभरही जात नाही. त्या देशातील लोकांचे एकत्र जमण्याचे जुने ठिकाण म्हणजे मद्यगृह. तेथे काही न पिता बसणे अनेकांना अवघड वाटते, आणि ज्याच्या घरचे संस्कार वेगळे आहेत त्याला तर विशेषच. उरते ते सुपरमार्केट. तेथे ऊब असते, उजेड असतो, आत येण्यास शुल्क नसते, आणि किती वेळ थांबलात हे कोणी विचारीत नाही.

तेथे हे विद्यार्थी करतात तरी काय? समजा, चौघे मित्र आहेत. एक कानपूरचा, एक कोइमतूरचा, एक अहमदाबादचा आणि एक नागपूरचा. भारतात असते तर हे चौघे कदाचित एकमेकांना कधीच भेटले नसते. ते बिस्किटांची पाकिटे उलटी करून बारीक अक्षरांतील घटक वाचतात; कारण गोड गोळ्यांत प्राण्यांच्या अवयवांपासून काढलेले जिलेटिन असू शकते आणि कित्येक प्रकारच्या चीजमध्ये वासराच्या जठरातील द्रव्य वापरलेले असते. निरनिराळ्या देशांचे खाद्यपदार्थ एकत्र मांडलेल्या ओळीत आटा, तूरडाळ आणि हळद दिसली की ते हरखून जातात. कोथिंबिरीची लहानशी जुडी केवढ्याला, याचा रुपयांत हिशेब करून हसतात. रात्र होऊ लागली की, दुकानातील सेवक त्या दिवशी मुदत संपणाऱ्या पाव, दूध, भाज्या यांवर कमी किमतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या लावतो. त्या वेळेची ते वाट पाहतात. मध्येच कोणी परीक्षेविषयी बोलतो, कोणी घरच्या आजाऱ्याविषयी. तासाभराने चौघांच्या हातांत मिळून एक पाव आणि दोन केळी असतात.

येथे पहिला पक्ष असा मांडला जाईल की, ज्यांनी काही घेतले नाही, त्यांनी काही गमावलेही नाही. दृष्टीला पैसे पडत नाहीत. फुकटात विरंगुळा होत असेल तर त्यात दोष कोणता?

या पक्षाचा विचार करण्यापूर्वी हे दुकान कसे निर्माण झाले ते पाहावे. पूर्वी अमेरिकेतही किराणा दुकानात गिऱ्हाईक समोर उभे राहून वस्तूचे नाव सांगे आणि दुकानदार ती आतून काढून देई. म्हणजे आधी गरज, मग मागणी, आणि शेवटी वस्तूचे दर्शन असा क्रम होता. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिगली विगली नावाचे दुकान उघडून हा क्रम उलटा केला. गिऱ्हाइकाने फिरत्या फाटकातून आत शिरावे, ठरवून दिलेल्या एकाच मार्गाने सर्व वस्तूंसमोरून जावे, हवे ते स्वतःच्या हाताने उचलावे आणि शेवटी पैसे द्यावेत, अशी ती योजना होती. आता आधी दर्शन झाले आणि गरज मागून आली. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांना असे आढळले की, हातातील टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते. तेव्हा त्यांनी टोपलीला चाके लावली. आरंभी लोक ती गाडी घेण्यास तयार होईनात. म्हणून त्यांनी काही माणसे नोकरीस ठेवून त्यांना दुकानात गाड्या ढकलीत फिरावयास लावले. मनुष्य इतरांना पाहून शिकतो, हे ते जाणून होते. हाताला आलेला थकवा हीच तोवर खर्चाची मर्यादा होती. ती मर्यादा चाकांनी काढून घेतली.

ब्रिटनमध्ये ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून शिरू लागली आणि १९५० नंतर झपाट्याने पसरली. तिचा परिणाम काय झाला, याची साक्ष कोणा साधुपुरुषाने द्यावी लागत नाही. ती तेथील राज्याच्या कायद्यानेच दिली आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमधील मोठ्या दुकानांना साखर, मीठ आणि स्निग्धांश अधिक असलेले ठराविक पदार्थ प्रवेशद्वाराशी, ओळींच्या टोकांशी आणि पैसे देण्याच्या जागी मांडण्यास मनाई करण्यात आली. पदार्थ विकण्यास बंदी नाही. केवळ डोळ्यांसमोर येईल अशा जागी ठेवण्यास बंदी आहे. ज्या राज्याला वैराग्याशी काही कर्तव्य नाही, त्यालाही प्रजेच्या आरोग्यासाठी हे मान्य करावे लागले की, वस्तू समोर दिसत राहिली की इच्छा उत्पन्न होते, आणि हात इच्छेच्या मागून जातो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या अधःपाताच्या ज्या पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली पायरी विषयाचा उपभोग ही नाही. विषयाचे चिंतन ही आहे. उपभोग पुष्कळ खालच्या पायरीवर येतो. तेव्हा दृष्टीला पैसे पडत नाहीत हे खरे असले, तरी दृष्टीला काहीच मोल पडत नाही, असे म्हणता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. खिशात पैसे नाहीत म्हणून न घेणे आणि इच्छा नाही म्हणून न घेणे, या दोन्ही क्रिया बाहेरून सारख्याच दिसतात. दोघांचीही टोपली रिकामी असते. परंतु एकाची टोपली रिकामी असताना मन भरलेले असते. तो खोलीवर येऊन अंथरुणावर पडल्यावरही त्याच फळ्यांसमोर उभा असतो, आणि पहिला पगार मिळाला की काय काय घ्यावयाचे याची यादी करीत असतो. ही दरिद्र्याची उपासना होय. तिला संयम म्हणता येत नाही. तिचे फळ पैसे हाती आल्यावर दिसून येते. ब्रिटनमधील बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम एक वर्षाचे असतात. रोज एक तास या प्रदक्षिणेत गेला तर वर्षात तीनशे पासष्ट तास, म्हणजे पंधरा अहोरात्र होतात. ज्याच्या पित्याने त्या एका वर्षासाठी पुढील कित्येक वर्षे हप्ते फेडण्याचे पत्करले आहे, त्याने या पंधरा अहोरात्रांचा हिशेब केला पाहिजे.

हे ऐकून दुसरा पक्ष उठतो. तो म्हणतो, असे असेल तर मुलाला स्पष्ट आज्ञा करावी: आठवड्यातून एकदा जा, यादीप्रमाणे घे, आणि तडक खोलीवर ये. अभ्यासासाठी गेला आहेस, अभ्यास कर.

हा पक्ष कठोर आहे, पण त्याचा खरा दोष कठोरपणा हा नाही. मनुष्याला अन्न लागते तशी सोबतही लागते, हे तो विसरतो, हा त्याचा दोष आहे. वीस-बावीस वर्षांचा जो मुलगा घरी आजी, काका, भावंडे यांच्या गलबल्यात वाढला, तो पहिल्यांदाच अशा खोलीत राहतो जिचे दार दिवसभर कोणी वाजवीत नाही. तो फोन दुकानातूनच का करतो, याचा विचार घरच्यांनी कधी केला आहे काय? खोलीतून केला तर मागे काळी खिडकी आणि अंथरुणावर पडलेले कपडे दिसतील, आणि आईला मुलगा उतरलेला वाटेल. दुकानात उजेड आहे, आजूबाजूला माणसे आहेत, फळे आहेत. तेथे उभे राहून बोलले की आईला सर्व ठीक दिसते. हा एक प्रकारे खोटेपणा आहे. परंतु तो मायेपोटी केलेला खोटेपणा आहे, आणि तो ओळखणे हे आईबापांचे काम आहे.

शिवाय आज्ञेने पाय थांबतील, मन थांबेल कसे? खोलीत एकट्या बसलेल्या मुलाच्या हातात फोन असतो, आणि त्या फोनमध्ये असलेला बाजार कोणत्याही सुपरमार्केटपेक्षा मोठा आहे. त्याला बंद होण्याची वेळ नाही, आणि त्यात बरोबर चालणारा मित्रही नाही. इंद्रिये आवरून धरायची आणि मनाने विषय घोळवीत बसायचे, या स्थितीला गीतेने मिथ्याचार असे स्पष्ट नाव दिले आहे. मुलाला दुकानातून उठवून या स्थितीत नेऊन बसविण्याने काय साधले?

तर मग निर्णय कशाने करावा? येथे एका शब्दाकडे लक्ष दिल्यास वाट सापडते. तो शब्द म्हणजे संग. हा संस्कृतातील सञ्ज् या धातूपासून झाला आहे आणि त्या धातूचा अर्थ चिकटणे असा आहे. शास्त्रांत ज्या संगाचा त्याग सांगितला आहे तो हाच. आणि सत्संग या शब्दात ज्याची महती सांगितली आहे तोही हाच. एकच चिकटण्याची शक्ती वस्तूला चिकटली तर बंधन होते, आणि सज्जनाला चिकटली तर तारक होते. मनुष्याचे मन कशाला तरी चिकटल्यावाचून राहत नाही. म्हणून सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या चौघांविषयी विचारण्याचा खरा प्रश्न हा आहे की, त्या तासाभरात त्यांचे मन कोणाला चिकटले? फळीवरील वस्तूंना, की शेजारी चालणाऱ्या सोबत्याला? भाषेत एक मौजेची गोष्ट अशी आहे की, संस्कृतात आपण या शब्दाचा अर्थ बाजार किंवा दुकान असा होतो. मराठीतील आपण मात्र आत्मन् या शब्दापासून आला आहे आणि तो सर्वांना मिळून एकत्र घेतो. उच्चार एकच. मनुष्य बाजारात उभा असतो तेव्हा त्याच्या मनात कोणता आपण बोलत आहे, हे बाहेरून ऐकू येत नाही. ते ज्याचे त्यानेच तपासावे लागते. अशा तपासणीसाठी तीन खुणा उपयोगी पडतील.

पहिली खूण म्हणजे परत आल्यावर मनात काय उरते ती. दिवा मालविल्यावर मित्राने सांगितलेली त्याच्या बापाच्या आजाराची हकीकत आठवत असेल आणि उद्या त्याला विचारले पाहिजे असे वाटत असेल, तर तो तास सोबत्याच्या संगात गेला. एखाद्या वस्तूचा रंग आणि किंमत आठवत असेल तर तो वस्तूच्या संगात गेला. यात स्वतःशी लबाडी करता येत नाही. कारण अंधारात जे आपोआप समोर येते तेच मनाने खरोखर घेतलेले असते.

दुसरी खूण म्हणजे त्या मंडळींत ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसे आहेत त्याची स्थिती. वरील चौघांपैकी तिघांना घरून थोडे अधिक पैसे येतात असे समजा, आणि चौथ्याची सारी भिस्त आठवड्याच्या कामावर आहे. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला तेथे आठवड्यास सामान्यतः वीस तासांपर्यंतच काम करण्याची परवानगी असते, म्हणजे मिळकत बांधलेली. तिघांनी महागडे चीज उचलले की चौथा म्हणतो, मला ते आवडत नाही. त्याला ते आवडते. हे एक लहानसे असत्य आहे, आणि ते त्याच्या तोंडून वदविण्यात तिघेही भागीदार आहेत. असे दहा वेळा घडले की तो अभ्यासाचे निमित्त सांगून येणेच बंद करतो, आणि राहिलेल्या तिघांना तो अभ्यासू वाटू लागतो! परंतु त्या तिघांपैकी एखाद्याच्या हे लक्षात येते. तो काही बोलत नाही. उपकार केल्याचा आव आणीत नाही. हातातील वस्तू मुकाट्याने फळीवर परत ठेवतो आणि म्हणतो, आज खिचडीच करू, डाळ आहे माझ्याकडे. इच्छा असता आणि पैसेही असता, दुसऱ्याला लाज वाटू नये म्हणून जी वस्तू परत ठेवली जाते, तो त्याग खरा. अशा त्यागासाठी वनात जावे लागत नाही; तो दुकानातील दोन फळ्यांच्या मध्ये उभे राहूनही होतो, आणि तो करणाऱ्याला कदाचित त्याचे नावही ठाऊक नसते.

तिसरी खूण अधिक कसोटीची आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने दोनशे ऐंशी चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना रविवारी केवळ सहा तास उघडे राहता येते, आणि नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, तर अशी मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात. त्या दिवशी आगगाड्याही बहुतेक धावत नाहीत. तेथील लोक आपापल्या घरी कुटुंबासह जेवावयास बसतात आणि रस्ते ओस पडतात. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला वर्षातील सर्वांत मोठे एकटेपण त्या दिवशी भोगावे लागते. त्या दिवशी ती चौघे मंडळी एकमेकांकडे चालत जातात काय? कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, दोन दिवस आधी आणून ठेवलेल्या बटाट्यांची भाजी आणि पोळ्या करून जेवतात काय? जात असतील तर त्यांना जोडणारे सूत्र माणुसकीचे होते आणि दुकान हे केवळ त्यांचे छप्पर होते. जात नसतील, दुकान मिटले की मैत्रीही मिटत असेल, तर ते एकत्र येत होते ते उजेडासाठी. सोबत ही केवळ भास होती. ज्या गृहस्थाला आपल्या मुलाची खरी स्थिती जाणावयाची असेल त्याने नाताळच्या दिवशी फोन करून पाहावे.

संगाची ही कसोटी चौघांपुरतीच राहू नये, म्हणून पिवळ्या चिठ्ठ्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. टाकून दिले जाणारे अन्न अल्प किमतीत घेणे यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उलट अन्नाचा नाश टळतो, हे चांगलेच आहे. परंतु त्या फळीपाशी विद्यार्थ्यांबरोबरच निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध माणसे आणि लेकुरवाळ्या स्त्रियाही आलेल्या असतात. चपळ तरुणाने पुढे होऊन सहा पाव उचलावेत, त्यांतील चार पुढे खोलीत बुरशी येऊन फेकले जावेत आणि मागे उभ्या असलेल्या म्हातारीने रिकाम्या हाताने परतावे, हे स्वस्ताई नव्हे, हा परिग्रह होय. स्वस्त मिळाले म्हणून घेतले, या वाक्यात गरजेचा उल्लेखच नसतो. त्याच दुकानांतून बाहेर पडण्याच्या वाटेवर पुष्कळ ठिकाणी एक मोठी पेटी ठेवलेली असते. तीत लोक गरजूंसाठी डबाबंद अन्न, तांदूळ, दूध टाकतात आणि ते अन्नपेढ्यांकडे जाते. महिन्यातून एकदा चौघांनी मिळून चण्याचा एक डबा त्या पेटीत टाकला, तर त्याची किंमत एका पेलाभर चहाहून जास्त होत नाही. केवळ स्वतःपुरते शिजवणाऱ्याचे अन्न आपल्या परंपरेने निंद्य मानले आहे. आणि परदेश हा त्या नियमाला अपवाद आहे, असे कोठेही सांगितलेले नाही.

आता गृहस्थांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मुलगा बाजारात हिंडतो म्हणून जे वडील चिंता करतात, त्यांच्याच घरातून, मुलगा परत येण्यास महिना उरला की, याद्या जाऊ लागतात. एका नातेवाइकाला अमुक चॉकलेट, दुसऱ्याला अत्तर, तिसऱ्याच्या मुलाला बूट. मुलगा मग वस्तूंसाठीच दुकानात जातो, भाव जुळवीत फिरतो, आणि ज्या पैशांतून पुस्तके यावयाची त्यांतून बक्षिसे येतात. येताना सामानाची पेटी जड असते. ती उघडताना घरातील सर्व जण तिच्याभोवती जमतात, आणि प्रवासाने थकलेला मुलगा एका बाजूला उभा असतो. विषयांचा संग त्याला परदेशाने लावला, असे त्या वेळी कोणाला म्हणता येईल? तसेच फोनवरील प्रश्नांचेही आहे. काय घेतलेस, किती मार्क पडले, थंडी किती आहे, हे तीन प्रश्न विचारून झाले की संभाषण संपते. बरोबर कोण होते, त्याचे घर कोठले, त्याची प्रकृती कशी आहे, तुम्ही कशावर बोललात, हे चौथ्या स्थानीही येत नाही. आईबाप ज्याची चौकशी करतात तेच महत्त्वाचे, असे मूल बाळपणापासून धरून चालते. वस्तूंची चौकशी झाली तर वस्तू मोठ्या होतात. माणसांची झाली तर माणसे मोठी होतात.

म्हणून विद्यार्थ्याने असे करावे: दुकानात जावे, पण खोलीतून निघतानाच गरजेची यादी करून निघावे, आणि ती पूर्ण होताच फळ्यांकडे पाठ फिरवावी. सोबत हवी असेल तर ती सरळ सोबत म्हणून मागावी. बाजारहाटीचे निमित्त करून मागू नये. चौघांच्या मिळून एका स्वयंपाकघरात आठवड्यातून दोनदा एकत्र चूल पेटली, तर दुकानातील तासाचे काम अर्ध्या तासात होईल आणि उरलेला अर्धा तास जेवताना मिळेल. ज्याला परवडत नाही त्याच्या परवडीला सर्वांनी आपली मर्यादा मानावे. आणि घरी फोन खोलीतूनच करावा. खिडकी काळी दिसली तर दिसू द्यावी.

गृहस्थांनीही तेवढेच धैर्य दाखवावे. काळी खिडकी पाहून घाबरू नये आणि उपदेशाची घाईही करू नये. थोडा वेळ केवळ ऐकावे. याद्या पाठवू नयेत, आणि नातेवाइकांच्या आल्या तर त्या घरातच थांबवाव्यात. मुलगा परत येईल तेव्हा त्याची पेटी हलकी असेल तर वाईट वाटून घेऊ नये. त्या चौघांपैकी उरलेल्या तिघांची नावे, गावे आणि त्यांच्या घरची सुखदुःखे तो सांगू लागला, तर त्याला आधी जेवावयास वाढावे आणि मग सावकाश, शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.